जर्मनीत मुलांचा फुटबॉल कोच व्हायचंय? सुरुवात गावच्या क्लबपासून

परदेशात कोच होण्याचा विषय निघाला की हल्लीची मुलं युलियान नागेल्समानचं नाव घेतात. गुडघ्याच्या दुखापतीमुळे विशीतच त्याचं खेळणं थांबलं आणि तो मुलांच्या टीम सांभाळू लागला. २०१४ मध्ये हॉफेनहाइमच्या १९ वर्षांखालील संघाला त्याने जर्मन विजेतेपद मिळवून दिलं आणि २०१६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याच क्लबच्या बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधल्या संघाचा तो मुख्य प्रशिक्षक झाला. दुसरा नावाजलेला जर्मन कोच थॉमस टुखेलही आधी श्टुटगार्ट आणि माइन्झच्या युवा संघांमध्येच घडला. या गोष्टी खऱ्या आहेत, पण पुण्या-कोल्हापुरातून किंवा मडगावातून निघणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. ते दोघं जिथून निघाले तिथे पोहोचायलाच आपल्याला दोन-तीन वर्षं लागतात. हा लेख त्या दोन-तीन वर्षांबद्दल आहे.

वाचणारा साधारण वीस ते अठ्ठावीस वयाचा, कॉलेज किंवा तालमीच्या पातळीवर खेळलेला आणि लहान मुलांबरोबर काम करायची मनापासून आवड असलेला आहे, असं धरून चालतो. मुली असाल तर उत्तमच. जर्मन क्लबांना मुलींच्या टीमसाठी महिला कोच हव्याच असतात, आणि त्या सहज मिळत नाहीत.

जर्मनी निवडण्याची कारणं दोन. एक म्हणजे तिथे शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांची वाट आधीच मळलेली आहे. दुसरं, तिथे खालच्या पायरीवर जागा आहे. जर्मन फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे डीएफबीच्या छत्राखाली सुमारे २४ हजार क्लब आणि सत्तर लाखांहून जास्त सभासद आहेत. यातले बहुतेक क्लब गल्लीतले, गावातले. सहा-सात वर्षांच्या पोरांना संध्याकाळी दीड तास कोण सांभाळणार, हा त्यांचा कायमचा प्रश्न असतो. तुमचा प्रवेश तिथून होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे मुलं आधी प्रशिक्षकाच्या लायसन्सच्या मागे लागतात. जर्मन क्लबला मात्र सगळ्यात आधी तुमची भाषा हवी असते, मग तुमच्यावर मुलं सोपवता येतील हा विश्वास, आणि लायसन्स त्यानंतर. या क्रमाने तयारी केलीत तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील.

पहिली पायरी: इथेच, लहान मुलांबरोबर

जायच्या आधी किमान एक अख्खा हंगाम दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवा. सिनियर टीमच्या बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या देण्याचा अनुभव इथे धरू नका. शाळा, खासगी अकॅडमी, नागपूरचं स्लम सॉकर, मुंबईतलं ऑस्कर फाउंडेशन किंवा मॅजिक बस यांसारख्या संस्था, नाहीतर सरळ तुमच्या सोसायटीतली बारा पोरं, काहीही चालेल. सात वर्षांचं मूल रडायला लागलं, भांडलं, त्याला शू लागली किंवा त्याने चेंडू सोडून फुलपाखराकडे धाव घेतली की तुम्ही काय करता, हे तुम्हाला स्वतःला कळायला हवं. हे काम आवडत नसेल तर तेही इथेच कळलेलं बरं.

याच काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचं सुरुवातीचं लायसन्स, करून टाका. महाराष्ट्रात हे कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफामार्फत होतात, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनमार्फत. वयाची अट अठरा पूर्ण. त्याच्या वरची एएफसी सी, बी, ए आणि प्रो ही शिडी आशियाई महासंघाची. हे आशियाई लायसन्स युरोपात आपोआप चालत नाही. तिथला महासंघ कागद बघून ठरवतो आणि बहुतेक वेळा खालून सुरुवात करायला लावतो. त्यामुळे युरोपातच जायचं पक्कं असेल तर भारतात बी लायसन्ससाठी खूप पैसे घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. डी पुरेसं आहे, सी झालं तर चांगलं.

लायसन्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल ती तुमची वही. प्रत्येक सरावाचं एक पान: किती मुलं, किती चेंडू, काय ठरवलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कोणता खेळ फसला आणि का. ही पानं नंतर जर्मन भाषेत चार ओळींत मांडता आली तर तुमचा अर्ज इतरांपेक्षा वेगळा दिसेल.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. मोठ्या युरोपियन क्लबच्या नावाने दोन-तीन आठवड्यांचे महागडे कोर्स विकले जातात. शेवटी चकचकीत प्रमाणपत्र आणि स्टेडियमसमोरचा फोटो मिळतो. सहल म्हणून जायचं असेल तर जा. त्या प्रमाणपत्रावर कोणी मुलं सोपवत नाही.

दुसरी पायरी: बी१ पर्यंत जर्मन

पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, गल्लोगल्ली खासगी क्लासेस आहेत. मराठी माणसाला जर्मन शिकायची इतकी सोय क्वचितच दुसरीकडे असेल. बी१, म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं स्वतः निभावता येण्याची पातळी, हे किमान ध्येय ठेवा, त्याच्या वरची बी२ झाली तर पुढचे कोर्स सोपे जातात, कारण डीएफबीचे प्रशिक्षक-कोर्स जर्मनमध्येच असतात.

इंग्रजीवर भागेल असं आयटीतले मित्र सांगतील. त्यांच्या ऑफिसात भागतही असेल. पण सात वर्षांच्या मुलाला इंग्रजी येत नाही. ते तुमच्या वाक्याची वाट बघत नाही आणि व्याकरण चुकलं तर सगळ्यांसमोर सुधारतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फुकटची शिकवणी आहे. खरी परीक्षा पालकांपुढे असते. हंगामाच्या सुरुवातीला पालकसभा असते. तिथे कोणत्या मुलाला किती खेळायला मिळणार, सामन्याला गाड्या कोण काढणार, आजारी मुलाला कधी आणायचं नाही, हे सगळं जर्मनमध्ये, शांतपणे आणि ठामपणे सांगता आलं पाहिजे.

पाठ्यपुस्तकात नसलेली ग्राउंडवरची भाषा वेगळी उचलावी लागते. मागून कोणी येत असेल तर ‘हिंटरमान’, वेळ असेल तर ‘त्साइट’, वळायला जागा असेल तर ‘ड्रे आउफ’. यूट्यूबवर मुलांच्या सरावाचे जर्मन व्हिडिओ भरपूर आहेत. रोज एक बघा आणि कोच काय बोलतो ते लिहून काढा.

आणखी एक. तिथे मुलं कोचला नावाने हाक मारतात, ‘तू’ म्हणतात. ‘सर, मे आय कम इन’ची सवय असलेल्याला पहिले काही दिवस हे टोचतं. आदर नसतो असं नाही, तो वेगळ्या जागी दिसतो: पोरगं वेळेवर येतं, निघताना हात मिळवतं आणि पुढच्या मंगळवारी परत येतं.

तिसरी पायरी: कोणत्या दाराने जायचं

गावचा क्लब तुम्हाला व्हिसा देऊ शकत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. पूर्णवेळ प्रशिक्षकाला नोकरीचा परवाना देण्याची तरतूद जर्मन कायद्यात आहे, पण त्यात किमान पगाराची अट आहे आणि तुमच्या पात्रतेला क्रीडा महासंघाची पुष्टी लागते. व्यावसायिक क्लबलाच ते झेपतं. म्हणून जर्मनीत राहण्याचं कारण वेगळं हवं आणि कोचिंग त्याच्या जोडीला.

विद्यार्थी म्हणून जाणं ही सगळ्यात वापरातली वाट. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही किंवा नाममात्र आहे. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मात्र स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, म्हणजे फ्रीलान्स पद्धतीने पैसे घ्यायचे असतील तर परवानगी वेगळी लागते. क्लब देत असलेलं मानधन कोणत्या खात्यात मोडतं, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. क्लबचा खजिनदार ‘अरे, काही होत नाही’ म्हणेल. निवासाचा परवाना त्याचा नाही, तुमचा आहे. खेळाचंच शिक्षण घ्यायचं असेल तर कोलोनचं जर्मन क्रीडा विद्यापीठ आहे, १९४७ मध्ये स्थापन झालेलं. तिथल्या पदवीसाठी शारीरिक क्षमतेची प्रवेश परीक्षा असते आणि तीत पोहणंही येतं. फुटबॉल उत्तम पण पोहता येत नाही अशांनी आधी जलतरण तलाव गाठावा.

दुसरी वाट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे, आणि कोचिंगसाठी मला तीच सर्वांत चांगली वाटते: खेळातलं स्वयंसेवी सामाजिक वर्ष, जर्मन आद्याक्षरांत ‘एफएसजे’. वय सत्तावीसच्या आत हवं. बहुधा बारा महिने तुम्ही एखाद्या क्रीडा क्लबमध्ये पूर्णवेळ काम करता. सकाळी बालवाडीत चेंडूचे खेळ, दुपारी शाळेतला क्रीडावर्ग, संध्याकाळी क्लबच्या टीम, मध्ये थोडं ऑफिसचं काम. वर्षभरात २५ दिवस प्रशिक्षण मिळतं आणि अनेक ठिकाणी त्यातूनच प्रशिक्षकाचं पहिलं लायसन्सही हाती येतं. सामाजिक विम्याचे पैसे संस्था भरते. भारतीयांनाही यासाठी व्हिसा मिळतो, पण आधी संस्थेचा करार हवा आणि रोजच्या कामापुरती जर्मन यायला हवी. अडचण एकच, पण मोठी. मिळतो तो हातखर्च. क्रीडा क्लबांकडे राहायची सोय क्वचितच असते, आणि घरभाडं हातखर्चातून निघत नाही. त्यामुळे वर्षभराच्या राहण्याचा हिशोब घरच्यांशी बसून आधीच करा. सत्तावीस उलटलेल्यांसाठी संघीय स्वयंसेवा सेवा हा जवळपास तसाच पर्याय आहे. तिला वयाची वरची मर्यादा नाही.

तिसरी वाट नोकरदारांची. म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफर्टमध्ये आयटी किंवा वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी माणसाला व्हिसाची चिंता नसते. त्याने संध्याकाळी सहाला क्लबवर जावं, इतकंच. हा लेख अशा एखाद्याच्या हाती पडला असेल तर त्याने चौथ्या पायरीवर उडी मारावी.

गोव्याच्या काही वाचकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल. मग युरोपीय संघात कुठेही राहायला-काम करायला मोकळीक आहे आणि वरचा सगळा व्हिसाचा भाग तुम्हाला लागू नाही. मात्र तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, हा निर्णय फक्त फुटबॉलसाठी घेऊ नये.

चौथी पायरी: क्लब शोधणं

कोल्हापूरकराला जर्मन क्लब लवकर कळतो, कारण तो आपल्या तालीम मंडळासारखा असतो. पाटाकडील किंवा दिलबहार जशी नुसती फुटबॉलची टीम नाही, गल्लीची आणि घराघराची आहे, तसाच तिथला क्लब. आजोबा खजिनदार, वडील रविवारी ग्राउंडवर चुन्याच्या रेषा मारणार, आई मॅचच्या दिवशी केक विकणार आणि नातू सात वर्षांखालच्या टीममध्ये. त्या क्लबमध्ये तुम्ही कोच म्हणून जात असलात तरी आधी सभासद म्हणून स्वीकारले जाता. म्हणून खुर्च्या उचला, जाळ्या बांधा आणि सामना संपल्यावर लगेच पळू नका.

शोधायची पद्धत साधी आहे. राहत्या जागेपासून सायकलने वीस मिनिटांत पोहोचता येतील असे क्लब नकाशावर काढा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर युवा विभागप्रमुखाचा पत्ता असतो. त्याला दहा ओळींचा ईमेल करा: तुम्ही कोण, काय शिकता, जर्मन किती येतं, कोणत्या वयाच्या मुलांबरोबर किती काम केलंय, आठवड्यातल्या कोणत्या संध्याकाळी मोकळे आहात आणि किती काळ त्या शहरात राहणार आहात. शेवटची माहिती सगळ्यात महत्त्वाची. चार महिन्यांत निघून जाणाऱ्या कोचला मुलं देऊन क्लबला काही मिळत नाही. मेसी, रोनाल्डो, तुमचं ‘पॅशन’ वगैरे त्यात नको.

सहसा एखाद्या सरावाला येऊन बघायला सांगतात. गेल्यावर नुसतं बघत बसू नका, शंकू लावायला मदत करा. वयोगटांना अक्षरं असतात. जी म्हणजे सात वर्षांखालची, एफ नऊखालची, ई अकराखालची, डी तेराखालची आणि असं चढत ए म्हणजे एकोणीसखालची. तुम्ही जी किंवा एफ मागा. तिथे गरज असते, भाषेच्या चुका खपतात आणि सहायक म्हणून हंगाम काढला की पुढच्या वर्षी ती टीम तुमची होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे मोडक्या जर्मनमध्ये उभं राहणं नव्या माणसासाठी शिक्षाच आहे.

पाचवी पायरी: विश्वासाचे कागद आणि सवयी

मुलांबरोबर काम करणाऱ्याकडून जर्मनीत विस्तारित वर्तन-प्रमाणपत्र मागतात, म्हणजे पोलिस नोंदींचा सविस्तर दाखला. तो तिथल्या नगर कार्यालयातून काढायचा, क्लब त्यासाठी पत्र देतो. भारतातून निघताना पासपोर्ट सेवेमार्फत पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा, कारण तिथे नुकत्याच आलेल्या माणसाची तिथली नोंद कोरीच असते. इंग्लंडमध्ये यालाच डीबीएस तपासणी म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. इथल्या अकॅडमीत काम करतानाही तो वाचलेला असावा.

कागदापेक्षा सवयी कठीण. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. ड्रेसिंग रूममध्ये जायची गरज पडलीच तर दार वाजवून, आणि शक्यतो दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर. मुलांना खासगी मेसेज नाही, जे काही ते पालकांच्या ग्रुपवर. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, तुमच्या इन्स्टाग्रामवर तर नाहीच. कान पिरगाळणं, टपली मारणं, चुकलं म्हणून उठाबशा किंवा ग्राउंडला फेऱ्या, यातलं काहीही चालत नाही. आपल्याकडे प्रेमाने मारलेली टपलीसुद्धा तिथे तक्रारीचं कारण होते, आणि माझ्या मते व्हायलाच हवी.

सहावी पायरी: नेमकं शिकवायचं काय

इथे थोडं थांबतो, कारण बाहेरून गेलेले बहुतेक नवे कोच इथेच अडखळतात.

२००० च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिला. तीन सामन्यांत एक गुण, शेवटी पोर्तुगालकडून ०-३ ने हार. त्या नामुष्कीनंतर व्यावसायिक क्लबांना युवा अकॅडमी सक्तीच्या झाल्या आणि २००२ पासून देशभर डीएफबीची प्रतिभा-केंद्रं उभी राहिली, ३६६ ठिकाणी. २०१४ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या पिढीचं श्रेय या यंत्रणेला दिलं जातं. पुढे २०१८ आणि २०२२ या दोन्ही विश्वचषकांत संघ गटातच बाद झाला आणि पुन्हा मुलांच्या फुटबॉलकडे बोट दाखवलं गेलं. या वेळचा आक्षेप असा होता की चेंडू पायात ठेवून समोरच्याला चकवणारी मुलं तयार होत नाहीत.

यावरचा उपाय म्हणून २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांत नवी खेळपद्धत देशभर बंधनकारक झाली. सर्वांत लहान मुलं २ विरुद्ध २ किंवा ३ विरुद्ध ३ खेळतात, छोट्या मैदानावर, चार छोट्या गोलांसह. गोलकीपर नाही. एका सकाळी अनेक टीम जमतात, छोटे छोटे सामने होतात, जिंकलेली टीम एका मैदानाने पुढे सरकते, हरलेली मागे. गुणतक्ता नाही. चार गोलांच्या या खेळामागे होर्स्ट वाईन यांची कल्पना आहे. हे गृहस्थ मूळचे हॉकीचे प्रशिक्षक. हॉकीवाल्याने फुटबॉलवाल्यांना मुलांना कसं शिकवायचं ते दाखवलं, ही गोष्ट आपल्या देशात तरी आवडीने सांगितली जावी.

यामागचा हिशोब सरळ आहे. ७ विरुद्ध ७ मध्ये धीटसं मूल सारखा चेंडू घेतं आणि भित्रं मूल कडेला उभं राहतं. ३ विरुद्ध ३ मध्ये लपायला जागाच नसते. प्रत्येकाला चेंडू मिळतो, प्रत्येकाला समोरच्याशी भिडावं लागतं, आणि दोन गोल समोर असल्यामुळे मान वर करून कोणता मोकळा आहे ते बघावं लागतं.

आता आपल्याकडच्या सरावाचं चित्र आठवा. पंधरा पोरं एका रांगेत, समोर शंकू, एक चेंडू, शिट्टी. एक मूल खेळतं, चौदा बघतात. त्याआधी वॉर्मअप म्हणून ग्राउंडला तीन फेऱ्या. जर्मन क्लबमध्ये पहिल्या दिवशी अशी रांग लावलीत तर कोणी काही बोलणार नाही, पण पुढच्या आठवड्यात तुम्हाला बॉल पंप करायला बसवतील. एका तासाच्या सरावात रांग जितकी कमी तितका सराव चांगला, हा एकच निकष धरा. प्रत्येकाला चेंडू, सतत हालचाल, कमी बोलणं. थांबवून समजावायचं असेल तर अर्ध्या मिनिटात संपवा. चेंडूही वयाप्रमाणे हलका असतो, लहानांना २९० ग्रॅमचा, थोड्या मोठ्यांना ३५० ग्रॅमचा. आपल्याकडे सहा वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा बॉल देतात आणि तो ‘जोरात मारत नाही’ म्हणून ओरडतात.

दुसरी गोष्ट निवडीची. वयोगट १ जानेवारीच्या जन्मतारखेवर पडतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच टीममध्ये. आठव्या वर्षी हा जवळपास वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा झाला. जानेवारीवाला उंच, वेगवान आणि ताकदवान दिसतो, त्याची निवड होते, त्याला चांगला कोच मिळतो आणि खरोखरच तो पुढे जातो. डिसेंबरवाला सोडून देतो. युरोपभरच्या अकॅडमींमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त आढळतात, ती यामुळे. तुमच्या टीमची यादी जन्ममहिन्यानुसार एकदा लिहून बघा आणि नंतर स्वतःला विचारा की मी ज्याला ‘गुणी’ म्हणतोय तो गुणी आहे की फक्त मोठा आहे.

तेरा-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते तेव्हा आणखी घोळ होतो. कालपर्यंत चेंडू चिकटल्यासारखा खेळणारा मुलगा अचानक स्वतःच्याच पायात अडखळतो. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखायला लागतं. तो आळशी झालेला नसतो, त्याचं शरीर बदललेलं असतं. त्या काळात उड्या आणि पळण्याचं ओझं कमी करणं आणि त्याला टीममधून न काढणं, हे युवा कोचचं खरं कसब आहे. हेडिंगबद्दलही नियम बदललेत. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावात हेडिंग नको, अशी सूचना आहे. जुनी सवय म्हणून मुलांकडून वीस-वीस हेडर मारून घेऊ नका.

सातवी पायरी: लायसन्सची शिडी आणि पैसे

एक हंगाम झाला की डीएफबीचं मुलांच्या प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र करा. २० तासिकांचा छोटा कोर्स आहे. त्यानंतर सी, मग बी. कोर्सच्या फीबद्दल क्लबला विचारा. पुढची एक-दोन वर्षं तिथेच राहणार असाल तर अनेक क्लब ती भरतात. युरोपीय महासंघाने या पातळ्यांना किमान तास ठरवून दिलेत: सीला ६०, बीला १२०, एला १८०, प्रोला ३६०. युवा फुटबॉलसाठी ए पातळीचं वेगळं एलिट लायसन्सही आहे आणि तुमचं अंतिम ध्येय प्रोपेक्षा ते असावं, असं मी म्हणेन. युरोपातल्या एका देशात मिळालेलं लायसन्स दुसऱ्या सदस्य देशात ओळखलं जातं.

बी हातात आल्यावर वरची दारं किलकिली होतात. डीएफबीच्या प्रतिभा-केंद्रांत आठवड्यातून एकदा, साधारण अकरा ते चौदा वयाच्या निवडक मुलांचा जादा सराव असतो आणि तिथे मानधनावर कोच घेतात. त्याच्या वर व्यावसायिक क्लबांच्या अकॅडमी. तिथेसुद्धा लहान वयोगटांचे बरेच कोच अर्धवेळ असतात, दिवसा शिक्षक किंवा विद्यार्थी.

पैशांचं स्पष्ट बोलतो. गावच्या क्लबमधलं काम बहुतांशी हौसेचं असतं. महिन्याकाठी मिळतं ते पेट्रोल आणि बुटांपुरतं, त्याला करात सूट आहे एवढाच दिलासा. युवा कोचिंगवर पूर्ण घर चालवणारे थोडे, आणि ते दहा वर्षांच्या कामानंतर तिथे पोहोचलेले. दुसरं काहीतरी शिकून ठेवा: फिजिओथेरपी, शालेय शिक्षण, क्रीडा व्यवस्थापन, सॉफ्टवेअर. युवा कोच म्हणून नाव करायला परदेशच हवा असंही नाही. गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांनी २०१८ मध्ये भारताच्या १६ वर्षांखालील संघाला आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं.

जर्मनी नको असेल तर

इंग्लंडचं आकर्षण भाषेमुळे असतं, पण तिथला व्हिसाचा नियम नीट वाचा. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे, आणि शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरही व्यावसायिक क्रीडाक्षेत्रातल्या कामाला बंदी आहे. हौशी पातळीवर काय चालतं याची व्याख्या बारीक आहे. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय विनामोबदलासुद्धा शिकवायला जाऊ नका. तिथल्या प्रीमियर लीगच्या अकॅडमीत थेट नोकरीसाठी इंग्लिश महासंघाची शिफारस लागते. नव्या माणसाला ती मिळणं जवळपास अशक्य.

आखाती देश आणि ऑस्ट्रेलिया मात्र विचार करण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियाई महासंघात आहे, आखाती देश आधीपासून आहेत. म्हणजे तुमची एएफसी शिडी तिथे ओळखीची. दुबई, अबू धाबी, दोहातल्या खासगी अकॅडमींना इंग्रजी-हिंदी बोलणारे कोच लागतात, कारण शिकणारी बरीच मुलं आपल्याच लोकांची. तिथे जायचं असेल तर भारतात सी आणि बी पूर्ण करण्याला अर्थ आहे. करारात तासांची संख्या, सुट्टी आणि उन्हाळ्यात अकॅडमी बंद असताना पगार मिळणार का, हे तपासा.

गावाकडचे फोन

जर्मनीत गेलात की ‘आमच्या पोराला तिकडे घे’ असे फोन यायला लागतील. फिफाच्या नियमावलीतलं एकोणिसावं कलम अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदलीला मनाई करतं. अपवाद मोजके आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले तर. पैसे घेऊन पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपात ट्रायल’ देणारे एजंट याच अज्ञानावर जगतात. तुमचं नाव त्यात कधी वापरू देऊ नका.

कोणत्या महिन्यात काय

जर्मन हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. पुढच्या हंगामासाठी कोणती टीम कोणाकडे, ही जमवाजमव क्लबमध्ये एप्रिल ते जूनमध्ये चालते, म्हणून ईमेल मार्च-एप्रिलमध्ये गेला पाहिजे. स्वयंसेवी वर्ष बहुधा ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतं. व्हिसाला लागणारा वेळ धरला तर अर्ज आदल्या हिवाळ्यातच करा, आणि त्यासाठी बी१ चा निकाल दिवाळीच्या सुमारास हातात हवा. हिवाळ्यात सामने थांबतात, मुलं शाळेच्या जिममध्ये इनडोअर खेळतात. जानेवारीत पोहोचणाऱ्याने हॉलमध्ये चालणारे, खाली काळा रंग न सोडणारे बूट बरोबर न्यावेत, नाहीतर जिमचा केअरटेकर दारातच अडवतो.